अर्ध्या शक्तीची साधना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत प्रातःकालीन आरोग्यवर्गातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी व्याख्यानमालेतील एक पुष्प आमच्या छोट्याशा वर्गाच्या वाट्यास आले, ह्याबद्दल कार्यकारी मंडळाचे आम्ही प्रथम आभार मानतो. येथे बोलत असलेली व्यक्ती एक असली तरी बोलणे आम्हा सर्वांचे आहे. मंडळाच्या ह्याच सभागृहात दररोज सकाळी जी वीस-पंचवीस माणसे सतरंज्या आणि खुर्च्या घेऊन जमतात, त्यांच्या अनुभवांचे हे निवेदन होय. आम्हांपैकी कोणी वैद्य नाही, योगाचार्य नाही. कोणी रेल्वेत नोकरी केली, कोणी बँकेत. कोणी शाळेत शिकविले, कोणी जन्मभर घर सांभाळले. तेव्हा अधिकारवाणीने काही सांगावे अशी आमची योग्यता नाही. परंतु चुका करून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवावे, एवढा अधिकार मात्र आम्ही मिळविला आहे असे वाटते.

पोटापाण्यासाठी घर सोडून उत्तरेच्या ह्या शहरात आलेली आपली पहिली पिढी तरुण होती. अंगात बळ होते. गावी आजारपण आले तर शेजारचे चार हात धावून येत. येथे ते नव्हते, परंतु त्यांची उणीव तारुण्यात भासली नाही. आज ती पिढी सत्तरी ओलांडून गेली आहे. मुले कोणाची बंगळूरात, कोणाची पुण्यात, कोणाची सातासमुद्रांपलीकडे. दोन खोल्यांत दोन म्हातारी माणसे, आणि पुष्कळ घरांत तर एकच. अशा घरात प्रकृती ही केवळ स्वतःच्या सुखाची बाब राहत नाही. आपले आपण उठता येणे, न्हाणीघरापर्यंत जाता येणे, जिना उतरून भाजी आणता येणे, ह्यावर आपण आपल्या घरात राहणार की कोणाच्या तरी आश्रयास जाणार, हे ठरत असते.

आमचा वर्ग सुरू झाला तो अशाच एका घटनेमुळे. बारा वर्षांपूर्वीचा डिसेंबर महिना. आपल्या मंडळातील एक वहिनी (नाव सांगू नका, असे त्यांनीच बजावले आहे) पहाटे न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. घरी दुसरे कोणी नाही. चार तास त्या थंड फरशीवर पडून होत्या. दाराशी ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या उचललेल्या नाहीत हे दूधवाल्याच्या ध्यानी आले, म्हणून शेजारी जमले आणि दार उघडले गेले. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पडले त्याचे काही नाही हो. हाक कोणाला मारावी तेच सुचेना."

हे वाक्य ऐकून आम्ही परत आलो ते मुकाट्यानेच. पुढल्याच आठवड्यात सकाळी साडेसहा वाजता मंडळाचे दार उघडावयाचे, असे आम्ही सात-आठ जणांनी ठरविले.

आता आमच्या चुकांविषयी. आरंभी आमच्या उत्साहाला सीमा नव्हती. लहानपणी तालमीत घातलेले जोर आठवत होते. व्यायाम म्हणजे घाम, आणि घाम नाही तर व्यायाम नाही, अशी आमची समजूत. पहिल्याच रथसप्तमीला आम्ही १०८ सूर्यनमस्कारांचा संकल्प सोडला. साठीपुढील माणसे, वर्षानुवर्षे खुर्चीत बसलेली. चढाओढीने नमस्कार घातले गेले, टाळ्या झाल्या, तिळगूळ वाटला गेला. दुसऱ्या दिवशी वर्गाला चार माणसे आली. कोणाची कंबर धरली, कोणाचे मनगट सुजले, कोणाचा गुडघा महिनाभर दुमडेना. त्यांतली काही माणसे पुन्हा आलीच नाहीत.

ह्याहून मोठी चूक वेगळीच झाली. ती सांगताना आजही आम्हांस संकोच वाटतो. "नियमाने प्राणायाम करा, गोळ्या आपोआप सुटतील," असे आम्ही उत्साहाच्या भरात बोलून जात असू. आमच्यातील एका निवृत्त अभियंत्यांनी ते मनावर घेतले आणि रक्तदाबाची गोळी डॉक्टरांस न विचारता बंद केली. दोन महिने त्यांना उत्तम वाटले. रक्तदाब वाढला तरी माणसाला पुष्कळदा काहीच जाणवत नाही, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. तिसऱ्या महिन्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वेळेवर उपचार मिळाले म्हणून ते वाचले. परंतु डावा हात अद्यापि पूर्ण ताब्यात आलेला नाही. "माझे सांगा, त्याने आणखी एकाची गोळी सुटावयाची वाचेल," असे त्यांनी स्वतः म्हटले म्हणून हे येथे सांगत आहोत. व्यायाम, आसने, श्वसन ही औषधाची सोबत आहे. औषधाचे मान कमी करावयाचे की नाही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवावे. आमच्या वर्गाचा हा आता पहिला नियम आहे.

ह्या दोन प्रसंगांनंतर आम्ही थांबलो आणि विचारावयास, वाचावयास लागलो. तेव्हा ध्यानात आले की, आपल्या परंपरेने आम्हांस केव्हाच सावध केले होते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या प्रकरणी व्यायामाचा विचार आहे. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असे तेथे सांगितले आहे. अर्धी शक्ती ओळखावी कशी? सुश्रुताने ह्याची खूण दिली आहे : श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की अर्धे बळ खर्ची पडले असे समजावे. आजचे डॉक्टर हेच निराळ्या शब्दांत सांगतात. चालताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की वेग कमी करावा. हे वाचले तेव्हा आमच्या १०८ नमस्कारांचे आम्हांसच हसू आले, आणि थोडी लाजही वाटली.

ह्या साधनेचा आपल्या प्रांताशी असलेला संबंधही मुलाबाळांना सांगण्यासारखा आहे. औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कार स्वतः आयुष्यभर घातले, संस्थानातील शाळांतून रूढ केले आणि त्यांवर पुस्तके लिहिली. १९३८ साली त्यांचे ह्या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. आज जगभर जे नमस्कार घातले जातात, त्यांच्या प्रसारात साताऱ्याकडील ह्या लहानशा संस्थानाचा मोठा वाटा आहे.

दुसरे नाव स्वामी कुवलयानंदांचे. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ साली, गुजरातेत बडोद्याजवळील डभोई येथे. म्हणजे तेही आपल्यासारखे, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरातले. व्यायामाचे धडे त्यांनी बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात घेतले, आणि योगाची दीक्षा नर्मदाकाठी मालसर येथे राहणाऱ्या परमहंस माधवदासजींकडून घेतली. पुढे त्यांनी असा प्रश्न केला की, योगक्रियांनी शरीरात नेमके काय घडते ते मोजून का पाहू नये? उड्डियान आणि नौली ह्या क्रियांच्या वेळी पोटाच्या पोकळीत काय फरक होतो, हे त्यांनी क्ष-किरणांच्या आणि दाबमापक यंत्राच्या साहाय्याने तपासले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले. जे सांगावयाचे ते तपासून सांगावे, ही त्यांची शिस्त आम्ही आरंभीच अंगी बाणविली असती, तर आमच्या अभियंत्यांचा हात वाचला असता.

तिसरे बी. के. एस. अय्यंगार. हे उलट दिशेचे प्रवासी. जन्म १९१८ साली कर्नाटकातील बेल्लूर गावी. लहानपण क्षयासारख्या दुखण्यांत गेलेले. १९३७ साली योग शिकविण्यासाठी ते पुण्यास आले, आणि २०१४ साली देह ठेवीपर्यंत पुणेकरच होऊन राहिले. पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची, घोंगडी, भिंत ह्यांचा आधार घेऊन आजारी आणि वृद्ध माणसालाही आसन करता येते, हे त्यांनी दाखविले. शरीराला आसनात कोंबावयाचे नसते, आसनच शरीराच्या बेताचे करून घ्यावयाचे असते, ही त्यांच्या पद्धतीतील गोष्ट आम्हा म्हाताऱ्यांना फार मोलाची वाटली. परमुलखात येऊन तेथल्या लोकांना काही देता येते, ह्याचाही हा एक धडा आहे.

आता आमचा आजचा कार्यक्रम सांगतो. तो ४० मिनिटांचा आहे.

पहिली दहा मिनिटे सांधे मोकळे करण्याची. खुर्चीवर बसून बोटे, मनगटे, खांदे, मान, घोटे सावकाश फिरवावयाचे. मान गरगर फिरवावयाची नाही. उजवीकडे, डावीकडे, खाली, एवढेच. पुढली दहा मिनिटे बळाची आणि तोलाची. खुर्चीवरून हात न टेकता उठावे, पुन्हा सावकाश बसावे; असे दहा वेळा. ज्यांना जमत नाही त्यांनी प्रथम हात टेकावेत. मग खुर्चीची पाठ धरून टाचा उचलाव्यात. मग एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभे राहावे. मग भिंतीच्या कडेने एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यास लावीत सरळ रेषेत चालावे. हा खेळ पोरकट वाटेल. परंतु पासष्टीपुढील माणसांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि बळ वाढविणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनातही म्हटले आहे. त्यासोबत आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणे, हे सर्व प्रौढांसाठी आहे.

तिसरा भाग नमस्कारांचा. ज्यांचे गुडघे, मनगटे धड आहेत ते सतरंजीवर सहा घालतात. बाकीचे भिंतीला किंवा खुर्चीला हात टेकून त्याच क्रमाने वाकतात, ताणतात, उभे राहतात. कोण किती घालतो हे विचारावयाचे नाही, असा आमचा दंडक आहे.

आठवड्यातून एकदा आम्ही एक आगळा अभ्यास करतो : पडल्यावर उठण्याचा. सतरंजीवर निजावे. कुशीवर वळावे. हातांवर आणि गुडघ्यांवर यावे. रांगत खुर्चीशी जावे, तिच्यावर दोन्ही हात टेकावेत, एक पाऊल पुढे घ्यावे, आणि त्या पायावर भार देऊन उठावे. पहिल्या दिवशी आमच्यातील निम्म्या माणसांना हे जमले नाही. आपण जमिनीवर मांडी घालून बसावयाचे कधी सोडले हे त्या दिवशी प्रत्येकजण आठवीत होता. पंगतीच्या जागी टेबले आली, देवासमोर स्टूल आले, आणि जमीन हळूहळू परकी झाली. एक सूचना मात्र पक्की ध्यानात ठेवावी : पडल्यावर खुब्यात किंवा पाठीत तीव्र कळ असेल तर उठण्याचा हट्ट करू नये; अंगावर काही ओढून घेऊन ऊब राखावी आणि मदत बोलवावी.

शेवटली दहा मिनिटे श्वसनाची आणि विश्रांतीची. नाकाने चार अंक मोजीत श्वास घ्यावा, सहा मोजीत सोडावा. श्वास कोंडून धरावयाचा नाही. जोराचे कपालभाती आम्ही वर्गात घेत नाही. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असणाऱ्यांस आणि गरोदर स्त्रियांस ते वर्ज्य आहे. त्याऐवजी भ्रामरी, म्हणजे ओठ मिटून केलेला गुंजारव. श्वास सोडण्याचा काळ लांबला की मन निवते, हे ज्याचे त्याने अनुभवावे. खरे पाहता आपल्या आजीला हे वेगळे शिकावे लागले नाही. संध्याकाळी हरिपाठ म्हणताना, आरतीचा शेवटचा सूर लांबविताना तिचे श्वसन आपोआप होत असे. म्हणून आमच्या वर्गाची सांगता एका सामुदायिक प्रार्थनेने आणि नंतरच्या शवासनाने होते. ज्यांची कंबर दुखते ते पाय खुर्चीवर ठेवून निजतात.

घरी करावयाच्या गोष्टींत आम्ही अभ्यंगाला मान देतो. दिवाळीच्या पहाटे एकदाच अंगाला तेल लावून भागत नाही. येथल्या कोरड्या थंडीत आठवड्यातून दोनदा कोमट तिळेल अंगास चोळावे. रात्री निजताना तळपायांना थोडे तूप लावून काशाची वाटी फिरवावी. ह्याने रोग बरे होतात असे आम्ही म्हणणार नाही. झोप मात्र सुखाची लागते. शिवाय मधुमेह असणाऱ्यांचे तळपाय ह्या निमित्ताने रोज पाहिले जातात आणि लहानशी जखमही लपून राहत नाही. तेल लावल्यावर फरशीवर चालण्यापूर्वी पाय पुसून घ्यावेत, हे सांगावयास नकोच. वहिनींचे उदाहरण समोर आहे.

ऋतूप्रमाणे वेळ बदलावी, हे आम्हांस ह्या शहराने शिकविले. डिसेंबर-जानेवारीत येथे पहाटे धुके आणि धूर एकत्र साचतात. अशा वेळी बाहेर फिरावयास जाण्यात शहाणपण नाही; ऊन वर आल्यावर नऊ-दहाच्या सुमारास फिरावे. मे महिन्यात ह्याच्या उलट. लू सुटण्यापूर्वी, उजाडता उजाडता फिरून यावे, आणि दुपारी कैरीचे पन्हे प्यावे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली घातली तर जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. ही आपली जुनी सवय आता डॉक्टरही आवर्जून सांगतात. खाण्यापिण्यातही हट्ट नको. गावाकडची भाजी मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्या आमच्या एका भगिनीस येथे बाजारात बथुआ म्हणून विकतात तो आपला चाकवतच, हे वीस वर्षांनी कळले. तेव्हापासून थंडीत त्यांच्या घरी ताकातल्या चाकवताचे पातेले आणि बाजरीची भाकरी असते, आणि शेजारच्या घरीही वाटी जाते.

भगिनीवर्गाने आणखी एक गोष्ट पुनरुज्जीवित केली. श्रावणात मंगळागौर येथे हौसेने होते, परंतु खेळ मात्र ध्वनिफितीवर नाच करण्यापुरते उरले होते. आता सत्तरीच्या आज्या खुर्चीत बसून झिम्म्याच्या टाळ्या देतात, मधल्या वयाच्या सुना बेताबेताने फुगडी घालतात, आणि ज्यांना मराठी नीट बोलता येत नाही अशा नाती तोंडपाठ गाणी म्हणत पिंगा घालतात. हा व्यायाम आहे हे कोणाला सांगावे लागत नाही.

२०१४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन ठरविला, आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. त्या दिवशी आमच्या सभागृहात पाय ठेवावयास जागा नसते. २२ जूनला पुन्हा तीच वीस-पंचवीस माणसे. ह्याचे आम्हांस दुःख नाही. मोठ्या समारंभाने उत्साह येतो. सवय लागते ती रोजच्या भेटीने.

शेवटी, वर्गात आम्ही जे करतो त्यांतले सर्वांत महत्त्वाचे कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही हजेरीवहीकडे बोट दाखवू. सकाळी पावणेसातला हजेरी होते. न सांगता कोणी गैरहजर असेल तर सातच्या आत त्या घरी फोन जातो. फोन उचलला गेला नाही तर जवळ राहणारा कोणी दार ठोठावतो. २०२० साली टाळेबंदीत सभागृह बंद झाले, तेव्हा व्यायाम मोबाईलवर कसाबसा चालला. हजेरी मात्र एकही दिवस चुकली नाही. त्या काळात दोन घरांतून वेळेवर रुग्णालयात नेता आले ते ह्या हजेरीमुळे. आणि एक माणूस आम्ही गमावला, ज्यांचे नाव त्या वहीत अजून तसेच आहे. ते खोडावे असे कोणास वाटले नाही.

ही वही कोण सांभाळते? त्याच वहिनी, ज्या बारा वर्षांपूर्वी चार तास फरशीवर पडून होत्या. आज त्या काठी घेऊन चालतात, पहिल्या रांगेतील खुर्चीवर बसतात आणि चष्मा सावरीत एकेक नाव पुकारतात. हाक कोणाला मारावी हे त्या दिवशी त्यांना सुचले नव्हते. आता रोज सकाळी त्या पंचवीस जणांना हाक मारतात आणि पंचवीस जण 'ओ' देतात.

मंडळाने पन्नास वर्षे नाटके केली, गणपती बसविले, वाचनालय चालविले. पुढल्या पन्नास वर्षांत ह्या सर्वांसोबत एकमेकांच्या प्रकृतीची विचारपूस हेही मंडळाचे नित्यकार्य व्हावे, अशी आमची नम्र विनंती आहे. तरुणांनी आपल्या आईवडिलांस घेऊन एकदा यावे. मग स्वतःही थांबावे. येताना सतरंजी आणावी, संकल्प मोठा आणू नये. अर्ध्या शक्तीने, परंतु रोज, एवढेच आमचे मागणे.

उद्या सकाळी साडेसहाला दार उघडे असेल. नमस्कार.